पाणी न पिण्याचे दिवस

मार्च अर्धा सरला की मला तहान लागते. उन्हाळाच तो, त्यात नवल काय, असं कुणीही म्हणेल. पण ही तहान उन्हाची नाही. माझ्या घरी पंखा आहे, फ्रीज आहे, खिडकीखाली वाळा घातलेला माठही आहे. तरी समोरच्या गच्चीत पुस्तक हातात घेऊन येरझारा घालणारं वर्षातलं पहिलं पोर दिसलं, की माझी जीभ टाळूला चिकटते. मी उठते, एक पेला पाणी पिते, लगेच दुसरा पिते. सून म्हणते, आई, तुमची परीक्षा कधी संपणार? मीही हसते. तिला काय सांगणार?

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची केतकी दही-साखर घ्यायला आली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. चाकांच्या खुर्चीतून ती लिफ्टने वर येते आणि बेल न वाजवता दारावर टिचकी मारते. मागे तिची आई, रोहिणी. बोलता बोलता रोहिणी म्हणाली की परीक्षेचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आलाय आणि तिथली लिफ्ट बंद आहे. कॉलेजात अर्ज दिला तर खाली बसायची सोय करतात, तसा नियमच आहे, पण केतकी ऐकत नाही. तिचं म्हणणं, उगाच कशाला कुणाच्या मागे लागायचं, मैत्रिणी उचलतात की मला खुर्चीसकट. केतकीनेही मान डोलावली. मी तिच्या तळहातावर दही घालत होते. माझा हात असा काही हलला की निम्मी साखर जमिनीवर सांडली. वयाने होतं असं, म्हणून रोहिणीने ती पुसून घेतली.  तेव्हापासून मात्र मला बसवत नाहीये.

माझा उजवा पाय मी लहान असताना तापात गेला. आमच्या घरात 'गेला' असंच म्हणत, जणू तो उठून कुठे कोकणात निघून गेला होता. होता तो तिथेच. बारीक, कायम थंड, वरपासून खालपर्यंत लोखंडी पट्ट्यांनी आणि चामड्याच्या वाद्यांनी बांधलेला. चालताना पट्टीचा खट्ट असा आवाज व्हायचा आणि ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. काठी तेव्हाही होती, आताही आहे. आता या वयात सगळ्यांच्याच हाती काठी आली, त्यामुळे माझी कुणाच्या डोळ्यांत येत नाही. म्हातारपणाने मला दिलेली ही एक मोठीच सवलत म्हणायची.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वाडीच्या तोंडाशी फळा लावलेला असे आणि त्यावर रोज सभेची जागा लिहिलेली असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कंपनीत कारकून. कचेरी सुटली की ते परस्पर चौपाटीवर नाहीतर शिवाजी पार्कात सभेला जायचे. परत यायचे ते घसा बसवूनच. दारातच आईच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायचे, मान वर करून घटाघटा रिकामा करायचे आणि बसक्या आवाजात आम्हा भावंडांना सांगायचे की मागितल्याशिवाय या जगात कुणी कुणाला काही देत नसतं. उभ्या महाराष्ट्रासाठी मागताना अण्णांना कधी लाज वाटली नाही. अडलं ते माझ्यापाशी.

बी.ए.च्या परीक्षेचं केंद्र दुसऱ्याच कॉलेजात आलं. आदल्या दिवशी जाऊन नंबर बघून यायची तेव्हा पद्धत होती. अण्णा जाऊन आले, चपला काढल्या आणि एवढंच म्हणाले, वर आहे. किती वर, ते आईने खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिसरा मजला. आई म्हणाली की तिथल्या साहेबांना भेटून सांगा ना, पोरीला खाली बसवतील. अण्णा बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले.

"सवलत मागून मिळवलेल्या डिग्रीला लोक सवलतीचीच डिग्री म्हणतात," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. एखाद्या बक्षिसासारखं मी ते मनात ठेवून दिलं. इतर मुलींसारखीच मी पास होणार, तीन जिने चढून पास होणार. ते जिने मी कसे चढणार, हे मात्र आम्ही दोघांनीही मोठ्याने बोलायचं टाळलं.

पायाला पट्ट्या असल्या की जिना उभ्याने चढता येत नाही. तो बसून चढायचा. जिन्याकडे पाठ करायची, पायरीवर बसायचं, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलायचं, पाय ओढून घ्यायचा. हे कुणी बघू नये म्हणून अण्णा मला भल्या सकाळी व्हिक्टोरियातून, घोडागाडीतून नेत, फाटक नुकतंच उघडलेलं असताना. मी पायऱ्यांना लागले की ते खाली रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहत. कुणी आलं तर खाकरायचे, म्हणजे मी थांबून पदर सावरत नुसतीच बसल्यासारखी दिसेन. पायऱ्यांची सगळी धूळ माझ्या पातळाच्या मागच्या बाजूला लागे. आई म्हणूनच मला गडद रंगाची पातळं नेसवी. काळसर निळं, तपकिरी. लग्नाला निघालेल्या मुलीचं पातळ निवडावं तशी ती धूळ न दिसणारं पातळ निवडत बसे. त्या दिवसांत अण्णांचा चेहरा मला फारसा आठवत नाही. आठवते ती त्यांची पाठ, कोटाची शिवण घामाने ओली झालेली.

आणि तहान. मुलींची मोरी तळमजल्यावर, पार मागच्या अंगणात. एकदा वर चढलं की संध्याकाळी सगळे निघून जाईपर्यंत खाली उतरायचं नाही, म्हणजे पाणी प्यायचं नाही. साधा हिशोब. आदल्या संध्याकाळपासूनच मी पाणी तोडत असे. तोंडात आवळकाठी ठेवायची, ती चघळून चोथा झाली की दुसरी. सकाळी एक पेपर, दुपारी एक. हमाल पितळी कळशी आणि पेला घेऊन बाकांमधून फिरे आणि मुलं पाण्यासाठी हात वर करत. कळशीतून पेल्यात पडणाऱ्या पाण्याचा तो आवाज! मी उत्तरपत्रिकेवर आणखी खाली वाकायची. रामराज्य असो की राज्यघटना, माझ्या त्या वर्षीच्या सगळ्या उत्तरांना तो आवाज चिकटलेला आहे.

मधल्या सुट्टीत हॉल रिकामा होई. सगळे खाली जात, कुणी सरबत प्यायला, कुणी झाडाखाली शेवटची घोकंपट्टी करायला. वर राहायचो आम्ही दोघी. मी आणि सुशीला.

सुशीला परळची. माझ्याच वर्गातली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या अख्ख्या चाळीने बुद्धाचा धर्म घेतला होता. ती गमतीने सांगे की आता देवांची फळी पुसायला सोपी झाली. तिला एम.ए. करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं, आणि त्यासाठी सेकंड क्लास लागणार होता. चाळीतली पहिली मुलगी असणार होती ती. वरच्या मजल्यावरचे जे तास मी बुडवत असे, त्यांच्या नोट्स तिच्याच. तास बुडण्याचं कारण तिला ठाऊक होतं, पण त्याबद्दल तिने मला कधी विचारलं नव्हतं. मला सोबत म्हणून ती खाली जात नसे.

पहिल्या दिवशी तिने डबा उघडला. भाकरी, लसणीची चटणी, तळलेला बोंबील. बोंबील नको म्हटलं, भाकरी-चटणी मी आवडीने खाल्ली. मग तिने घरून आणलेला फिरकीचा तांब्या माझ्यापुढे केला. नको म्हटलं. अगं, चटणी तिखट आहे, घे. नको. नाकातून पाणी येतंय तुझ्या, घे की. मी हसून मान हलवली आणि पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. भाकरी घेतली, पाणी घेतलं नाही. या वेळी सुशीलाने आग्रह केला नाही. तांब्याची फिरकी आवळत ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कोरडं चालतं, पाणी चालत नाही. माझी आजी सांगायची, तुमच्यात असं असतं म्हणून."

मला समजायलाच थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा कान तापले. नाही म्हणून ओरडावंसं वाटलं. पण मग का, असं तिने विचारलं असतं. आणि त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं. इतकी वर्षं मी या गोष्टीवर विचार केलाय. शिवाशिव मानणारी मुलगी ठरणं मला परवडलं. पण मला मोरीला जावं लागेल आणि त्यासाठी जिन्यावरून बसत बसत उतरावं लागेल, हे बोलणं परवडलं नाही. दोन लाजा तराजूत घातल्या आणि हलकी कुठली, हे मी एका क्षणात ठरवलं. ते वजन चुकीचं होतं हे सांगायला पंडित नको.

तिचा संशय खोटा होता, पण बिनबुडाचा नव्हता. एकदा ती नोट्स द्यायला आमच्या घरी आली होती. आईने तिला पाणी दिलं ते खिडकीतल्या वेगळ्या फुलपात्रातून. ते फुलपात्र कुणासाठी असतं हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, सगळ्यांना माहीत असे. मला वाटलं होतं की सुशीलाला कळलं नाही. हेही एक आपलं सोयीचं वाटणं.

त्या संध्याकाळी अण्णा सभेहून आले, तांब्या रिकामा केला, पेपर कसा गेला ते विचारलं. मी चांगला म्हणाले. जेवणात मीठ जास्त होतं की नव्हतं, काही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुशीला लांबच्या बाकावर जाऊन बसली आणि माझ्याकडे पाठ करून जेवू लागली. मी खटखट करत तिच्यापर्यंत गेले. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, तरी शब्द तुटकच आले. पाणी प्यायलं की खाली जावं लागतं. मला खाली जाता येत नाही. जाता येतं, पण बसून. लोक बघतात. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला तरी सांगत होते आणि बोलताना तिच्याऐवजी फळ्याकडे बघत होते.

सुशीलाने घास गिळला. "हे काल घरी जाऊन सुचलं वाटतं?"

तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? माझ्यापाशी दुसरा पुरावा नव्हता. मी बाकावरचा तांब्या उचलला, फिरकी काढली आणि तोंड लावून प्यायला लागले. आमच्या घरात काय, त्या काळी कुठल्याच घरात दुसऱ्याच्या भांड्याला कुणी असं तोंड लावत नसे. पाणी हनुवटीवरून गळ्यात, पोलक्यात गेलं. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर पहिले दोन घोट पुराव्याचे होते, नंतरचे सगळे तहानेचे. रिकामा तांब्या बाकावर ठेवला तेव्हा सुशीलाचे डोळे भरले होते आणि ती रागाने म्हणत होती की सगळं कशाला प्यायलीस, अर्धं पुरलं असतं.

दुपारचा पेपर इतिहासाचा. पहिला प्रश्न नीट झाला. दुसऱ्याच्या मध्यावर पोटात कळ आली. मी अक्षरं मोठी काढली, मग बारीक काढली, बोटांनी बाक घट्ट धरला. इतके दिवस टाळलेलं पाणी एकदम हक्क सांगत होतं. शेवटी हात वर केला. कळशीवाला हमाल धावत आला, त्याला वाटलं पाणी हवंय.

सुपरवायझर म्हातारे, चष्मा कपाळावर. मी कुजबुजत सांगितलं. त्यांनी मोठ्याने विचारलं, कुठे? साऱ्या हॉलने माना वर केल्या. बाई शिपाई कुणी नव्हती, हमाल बरोबर येईल म्हणाले. मी नाही म्हणणार तोच मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सुशीलाने पेन बंद करून उत्तरपत्रिका पालथी घातली होती. मी नेते तिला, म्हणाली.

"तुझा वेळ जाईल, बाई. तो भरून मिळणार नाही," सुपरवायझरांनी तिला बजावलं.

ती म्हणाली, माहीत आहे.

उतरताना ती माझ्या पुढे एक पायरी, माझी काठी काखेत धरून. मी बसत, सरकत. दुपारच्या उजेडात मला माझा हा उद्योग पहिल्यांदाच नीट दिसत होता. दुसऱ्या मजल्यावर एका वर्गाचं दार उघडं होतं आणि आतल्या पर्यवेक्षकाने सभ्यपणे तोंड फिरवलं. रस्त्यावरून कुठला तरी मोर्चा चालला होता, 'झालाच पाहिजे, झालाच पाहिजे' जिन्यात घुमत होतं. सुशीला थांबली.

"ऐक जरा. अख्खी मुंबई मागतेय. तुला एक बाक खाली मागता येत नव्हता?"

मी म्हणाले, आम्ही मागणाऱ्यांतले नाही. हे वाक्य अण्णांचंच, पण पायरीवर बसून म्हटलं तेव्हा त्यात काही दम उरला नव्हता. ती फक्त म्हणाली, पाय उचल.

येताना तिने मला बसूच दिलं नाही. पाठमोरी वाकली आणि म्हणाली चढ. मी नको नको म्हणत राहिले. उन्हाळ्यात वरच्या मजल्याला पाणी चढत नाही म्हणून खालच्या नळावरून रोज हंडे वर नेते मी, तू काय त्यापेक्षा जड आहेस, असं काहीतरी ती धापा टाकत बोलली. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता. माझी पट्टी प्रत्येक पायरीला तिच्या मांडीवर आपटत होती. मी एक हात खाली घालून ती अडवायला बघत होते आणि ती म्हणत होती, हलू नको, तोल जातो. इतक्या जवळून माझ्यासाठी कुणी घाम गाळलेला मला ठाऊक नव्हता. आनंद व्हावा असं ते होतं, पण मला नुसती लाज वाटत होती. अंगभर.

घंटा झाली तेव्हा मी शेवटच्या उत्तराचा समारोप करत होते. मागे वळून पाहिलं. सुशीला वाकून लिहीत होती, सुपरवायझर तिची उत्तरपत्रिका ओढत होते आणि तिचं पेन कागदावरून बाकाच्या लाकडावर उतरलं. तिथे निळी रेघ उमटली. तिचा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला होता. हे तिने मला सांगितलं नाही, मीच विचारून घेतलं. निघताना जिन्याच्या तोंडाशी ती मला म्हणाली, "सोमवारी पाणी पिऊनच ये. मी आहे."

सोमवारी सकाळी फाटकापाशी अण्णा नेहमीसारखे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी जिन्याकडे गेले नाही. खटखट करत केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, मला जिना चढता येत नाही, मला खाली बसवा. आवाज इतका मोठा निघाला की ते दचकले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि जरा वैतागूनच म्हणाले की हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का? शिपायाला हाक मारली. जिमखान्याच्या सामानाच्या खोलीत एक टेबल-खुर्ची टाकली गेली. बॅटींना लावायच्या तेलाचा वास, कोपऱ्यात फुटका कॅरमबोर्ड, खिडकीशी पाण्याचं मडकं. बास. एवढं सोपं होतं. ते नाही म्हणाले असते तर मला सुख झालं असतं. निदान इतक्या दिवसांच्या तहानेला आणि सुशीलाच्या त्या अर्ध्या उत्तराला काही कारण राहिलं असतं.

मी मडक्यातलं पाणी पीत पेपर लिहिला. डोक्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत पावलं वाजत होती आणि त्यातली तिची कुठली, हे मी ओळखायचा प्रयत्न करत होते.

निकाल लागला. मला सेकंड क्लास मिळाला. सुशीलाचा थोडक्यात हुकला. त्या अर्ध्या उत्तराने हुकला की आणखी कशाने, कोण सांगणार? मीच स्वतःला सांगत असते, कधी असं, कधी तसं. तिने तो विषय जन्मात काढला नाही. पेढे घेऊन आमच्या घरी आली तेव्हा मी आईला उठू न देता स्वतः आत गेले आणि माझ्या पेल्यात तिला पाणी आणलं. ती ते वरून, तोंड न लावता प्यायली. सवयीने, की मुद्दाम?  एम.ए. राहिलंच. ती शाळेत मास्तरीण झाली, उत्तम झाली, पुढे मुलांनी तिला फार जीव लावला.  वाडीतल्या लोकांनी माझं कौतुक करताना म्हटलं होतं, पोरीने एकही सवलत न घेता पदवी मिळवली; शेवटी मी खाली बसल्याचं आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. अण्णांची मान तेव्हा किती ताठ झाली होती. सवलत मी घेतली होती. सामानाच्या खोलीतलं ते टेबल तर होतंच, पण खरी मोठी सवलत कॉलेजने नव्हती दिली. ती सुशीलाच्या उत्तरपत्रिकेतून आली होती.

आज सकाळी मी लिफ्टने खाली गेले. केतकी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. रोहिणी चहा ठेवायला निघाली, तिला म्हटलं थांब, तूही ऐक. आज कॉलेजात जाऊन खाली बसायचा अर्ज द्या, मी बरोबर येते. केतकी हसली. आजी, कशाला एवढं, म्हणाली, मैत्रिणी आहेत ना.

"आहेत गं," मी म्हटलं, "पण त्यांचाही त्याच वेळी पेपर असतो."